एकोणीस मिनिटांची प्रार्थना

एलिम चर्चच्या पत्रिकेत 'प्रार्थना : सिस्टर अर्नेस्टीन गेदर्स' असं छापून आलं, की त्या रविवारी जाणत्या बायका घरून निघताना ओव्हनमधली कोंबडी अगदी मंद आचेवर ठेवून येत. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलींना हे ठाऊक नसे. त्यांची कोंबडी करपे, आणि पुढच्या वेळी त्याही जाणत्या होत.

अर्नेस्टीनबाईंचं वय चौऱ्याहत्तर. देवाला प्रत्येक गोष्ट नावगावासकट सांगितली नाही तर तो भलत्याच घरी कृपा पोचवेल, अशी त्यांना धास्ती होती. त्यामुळे त्या प्रार्थनेत आजाऱ्याचं नाव सांगत, मग आजार सांगत, मग दवाखान्याचा मजलाही सांगत. आणि शेवटी, दर वेळी, आवाज थोडा खाली आणून मुलीचं सांगत.

मुलगी म्हणजे मार्वेट. वय त्रेचाळीस, बिनलग्नाची, आईच्याच घरात वरच्या खोलीत राहणारी. बाल्टिमोरच्या बस डेपोत हरवले-सापडले खात्यात तिला नोकरी होती. लोक बसमध्ये विसरून गेलेल्या वस्तू तिथे जमा होत. छत्र्या, एकेकटे बूट, कवळ्या, एकदा तर एक ट्रॉम्बोन. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची, मालक हुडकायचा आणि वस्तू त्याच्या हवाली करायची. खोलीला खिडकी होती, फोन एकच होता आणि तोही क्वचित वाजे. मार्वेटला एकदा पाहिलेली वस्तू विसरता येत नसे. कुणाच्या बोटात कोणती अंगठी, कुणाच्या काठीला कुठे चरा, सगळं डोक्यात जागच्या जागी. चार्ल्स स्ट्रीटच्या बसमध्ये सापडलेला हातमोजा पाहून ती म्हणे, "हा मंगळवारी चर्चपाशी उतरणाऱ्या बाईंचा," आणि तो त्यांचाच निघे.

"माझी मुलगी डिग्री घेऊन लोकांच्या छत्र्या सांभाळते," अर्नेस्टीनबाई म्हणत. हे त्या देवालाही म्हणत आणि मटणवाल्यालाही.

त्याआधी नऊ वर्षं मार्वेट एका मोठ्या कचेरीत होती. नऊ वर्षांत एकदाही उशिरा गेली नाही, कारण आईने लहानपणीच बजावून ठेवलं होतं. "त्यांची बाई उशिरा आली तर ती एकटी उशिरा येते, मार्वेट. तू उशिरा आलीस तर आपण सगळ्या उशिरा येतो." सगळ्या काळ्या बायकांच्या वतीने वेळेवर जायचं म्हणजे काय ओझं असतं ते मार्वेटलाच माहीत. वर डोक्यावरच्या ट्यूबलाइटची गुणगुण. ती इतर कुणालाच ऐकू येत नसे. ती डबा झेरॉक्सच्या खोलीत बसून खाई. संध्याकाळी गाडीत बसून तासभर किल्लीच फिरवत नसे. मग एका मंगळवारी लिफ्ट तिच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि तिला बाहेर पाऊल टाकता येईना. त्या दिवशी ती अकरा वेळा खालीवर गेली. बाराव्या खेपेला लिफ्ट खाली आली तेव्हा ती पार्किंगमध्ये उतरली आणि घरी आली.

डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि सांगितलं, हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा आहे. मार्वेट एक्केचाळीस वर्षांची होती. तिला वाटलं, आपलीच हरवलेली वस्तू कुणीतरी चिठ्ठी लावून आपल्या हातात दिली.

अर्नेस्टीनबाईंना तसं काही वाटलं नाही. "हे गोऱ्यांच्या मुलग्यांना होतं," त्या म्हणाल्या. "आगगाड्यांचे नंबर पाठ करतात त्यांना. आपल्यात असलं कुणी नाही."

"डॅडींना सगळ्या बेसबॉल सामन्यांचे आकडे पाठ होते, मम्मा. एकोणीसशे सहासष्टपासूनचे."

"ती आवड होती."

"लग्नाच्या दिवशीही तेच सांगत होते असं तू म्हणतेस."

अर्नेस्टीनबाईंनी त्यावर भांडी घासायला घेतली.

चर्चच्या दारावर उभं राहायला मार्वेटला नेलं ते मिस्टर लुशियस यांनी. हे एक्क्याऐंशी वर्षांचे निवृत्त पोस्टमन, चर्चमधल्या सेवेकऱ्यांचे प्रमुख. येणाऱ्यांना जागा दाखवायची, उकाड्यात हातपंखे वाटायचे, दार सांभाळायचं हे सेवेकऱ्यांचं काम. हातात पांढरे मोजे, डावी मूठ पाठीशी, आणि बोलणं अजिबात नाही, सगळं उजव्या हाताच्या खुणांनी. किती जागा रिकाम्या, कुणाला पाणी हवंय, कुणाला भोवळ आली, सगळ्याला खूण. मार्वेटला हा स्वर्गच वाटला. इथे हवापाण्याच्या गप्पा मारायच्या नव्हत्या, उगाच हसायचं नव्हतं, आणि नियम लिहून भिंतीवर लावलेले होते. त्यातला चौथा नियम असा: प्रार्थना चालू असताना दार बंद, कुणीही आत येणार नाही.

"कुणीही म्हणजे?" मार्वेटने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"राष्ट्राध्यक्ष आले तरी," मिस्टर लुशियस म्हणाले होते. त्यांनी ते आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं. मार्वेटने ते ध्यानात ठेवलं.

मे महिन्यातल्या महिला रविवारी काय झालं ते आता सांगायचं.

त्या दिवशी सगळ्या बायका पांढऱ्याशुभ्र कपड्यांत येतात, टोप्या तर अशा की मागच्याला पुढचं काही दिसू नये. पाहुण्या वक्त्या होत्या पॅट्रिस ब्रॉगडन. मार्वेटच्याच संडे स्कूलच्या वर्गातली मुलगी, आता एका विमा कंपनीत उपाध्यक्ष. अर्नेस्टीनबाईंनी तीन आठवडे आधीच तिला फोन केला होता. पॅट्रिसच्या हाताखाली ग्राहकांशी बोलणाऱ्या व्यवस्थापकाची जागा रिकामी होती. काचेची केबिन, दारावर नाव. पॅट्रिस भल्या मनाने म्हणाली, "मार्वेटला हवी असेल तर तिची. रविवारी जेवायच्या वेळेपर्यंत हो-नाही सांगायला सांगा."

अर्नेस्टीनबाईंनी निरोप दिला, सोनेरी बटणांचा कोट आणला, आणि हो-नाहीची वाट न बघता छापखान्यात गेल्या.

रविवारी सकाळी साडेनऊला मार्वेटने वाटण्यासाठी पुस्तिकांचा गठ्ठा सोडला. सातव्या पानावर चर्चच्या यशस्वी कन्यांची यादी होती. सिस्टर वायनोना यांची दातांची डॉक्टर झालेली मुलगी पहिली. तिच्या खाली, किंचित मोठ्या अक्षरात: 'मार्वेट गेदर्स, व्यवस्थापक.'

मार्वेटने ते दोनदा वाचलं. मग घाईने स्वयंपाकघरात गेली. अर्नेस्टीनबाई मॅकरोनीच्या परातींवर फॉइल घालत होत्या.

"मम्मा, हे खरं नाही."

"जेवणापर्यंत होईल."

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हणूनच तर छापलं. छापलेलं असलं की माणूस विचार बदलत नाही." त्यांनी फॉइलची कडा दाबली. "तीनशे प्रती आहेत, मार्वेट. तीनशे घरांत जातील. वायनोनाच्या घरी दोन. आज मला खाली बघायला लावू नकोस, बाळ. आजचा एक दिवस."

मार्वेटने गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी 'नाही' असं ठरवलं होतं. फक्त सांगायचं राहिलं होतं. आता त्या नाहीच्या बदल्यात आई तीनशे प्रतींत खोटी पडणार होती. आणि हो म्हटलं तर ती लिफ्ट. पुस्तिका मात्र वाटायच्या होत्या, तिचंच काम ते. तिने प्रत्येकाच्या हातात पुस्तिका दिली आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "सातव्या पानावर चूक आहे." कुणी लक्ष दिलं नाही. चर्चच्या पुस्तिकेत चूक नसेल असं कुणाला वाटतच नव्हतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी अर्नेस्टीनबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या. मार्वेटने दार लावलं आणि ती बाहेरच्या बाजूला उभी राहिली.

अकरा वाजून सात मिनिटांनी पायऱ्यांवर टाचांचा आवाज आला. पॅट्रिस ब्रॉगडन, पांढरा सूट, धापा टाकत.

"मार्वेट! मी गं, पॅट्रिस."

"माहीत आहे. सात मिनिटं उशीर झालाय."

"गाडी लावायला जागा मिळेना. उघड पटकन."

मार्वेटचा मोजा घातलेला हात सपाट वर झाला. "प्रार्थना चालू आहे."

"अगं, मी आजची वक्ता आहे! माझी खुर्ची समोर रिकामी दिसत असेल."

"दिसते आहे. चौथा नियम आहे."

"किती वेळ लागेल?"

"मम्मा आहे."

पॅट्रिसने डोळे मिटले. "अरे देवा," ती म्हणाली, आणि भिंतीकडच्या बाकावर बसली. ती याच चर्चमध्ये वाढली होती. एकदा तिची स्वतःचीही कोंबडी करपली होती.

दाराला छोटी काच होती. मार्वेटने तिच्यातून पाहिलं. चर्चचे पाळक रेव्हरंड टिल्मन रिकाम्या खुर्चीकडे बघत घाम पुसत होते. मग ते किंचित पुढे झुकून अर्नेस्टीनबाईंना काहीतरी पुटपुटले. अर्नेस्टीनबाईंनी एक डोळा उघडला, खुर्ची पाहिली, डोळा मिटला, आणि त्यांचा आवाज नव्या दमाने चढला.

मार्वेटला सगळं एका क्षणात उलगडलं. पाहुणी यायची म्हणून आई प्रार्थना लांबवत होती. आणि प्रार्थना संपत नव्हती म्हणून पाहुणी बाहेर होती.

एरवी तिने लगेच खूण केली असती. वक्ता पोचल्याची खूण ठरलेली होती, मिस्टर लुशियस आत भिंतीपाशी डोळे उघडे ठेवूनच उभे होते. पण मार्वेटने हात पाठीशी घेतला. तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि आपल्याला बोलायला वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं. आज देवाच्या दारात तिला तो आयता मिळत होता.

"त्या नोकरीत फोन किती?" तिने विचारलं.

पॅट्रिसने बूट काढून बोटं चोळायला सुरुवात केली होती. "तीन. का?"

"दिवे ट्यूबचे?"

"सगळीकडे ट्यूबचेच असतात."

"बैठका?"

"आठवड्याला नऊ-दहा."

"हसावं लागतं?"

पॅट्रिसने वर पाहिलं. थट्टा असेल असं तिला वाटलं. मग मार्वेट थट्टा करत नाही हे आठवलं. "सतत," ती म्हणाली. "माझे गाल दुखतात गं घरी गेल्यावर."

आतून आवाज येत होता. अर्नेस्टीनबाई आजारी, प्रवासी, विधवा, महापौर असं करत चर्चच्या बॉयलरपर्यंत आल्या होत्या. "त्याचा तो डावीकडचा नळ, प्रभू, तुला माहीतच आहे!"

"मग नको," मार्वेट म्हणाली. "नोकरी. तू विचारलंस म्हणून आभार. तिथे माझं काम चांगलं होईल, पण मी चांगली राहणार नाही. डेपोत दोन्ही होतं."

पॅट्रिसने बाकावर उरलेल्या पुस्तिकांतली एक उचलली. चाळता चाळता ती सातव्या पानावर थांबली. "हे काय? तू तर नेमलेलीच आहेस! मला कुणी सांगितलंही नाही." आणि ती तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. "ऐक, मी तुझ्या आईला सांगते, जागा भरली गेली म्हणून. सगळं मिटेल."

"भरली गेली?"

"नाही."

"मग नको सांगूस. मीच सांगेन. जेवण वाढून झाल्यावर. तोवर ती उपाशी आहे."

आता आतला आवाज खाली आला. तो कुठल्या विषयावर आला ते बाहेर दोघींनाही कळलं. "आणि माझी मार्वेट, प्रभू. फार मागत नाही. तिला एक दार दे. तिच्या हक्काचं. तिच्या शब्दाशिवाय कुणी आत येणार नाही असं."

पॅट्रिसने दाराकडे पाहिलं, मग दारापुढच्या मार्वेटकडे, मग आपल्या अनवाणी पायांकडे. "माझ्या हाताखाली तीनशे माणसं आहेत," ती म्हणाली. "त्यातल्या एकाची हिंमत होणार नाही मला असं बाहेर बसवायची. आईला सांग, मिळालंय दार."

मार्वेटने घड्याळ पाहिलं. अकरा चोवीस. तिने हात काचेशी नेला, दोन बोटं वर, मग तळवा. मिस्टर लुशियसनी ती खूण पुढच्या सेवेकऱ्याला दिली, त्याने रेव्हरंडच्या बाहीला बोट लावलं, आणि रेव्हरंड टिल्मन, खुर्ची अजून रिकामी म्हणून अर्नेस्टीनबाई पुन्हा बॉयलरवर येऊन तिथून गटारांकडे वळत असतानाच, इतक्या मोठ्याने "आमेन!" म्हणाले की ऑर्गनवाला दचकून सूर धरून बसला.

पॅट्रिस माइकवर गेली तेव्हा पहिलंच वाक्य असं होतं, "मला दारावर सतरा मिनिटं थांबवलं. मार्वेट गेदर्सने. गेल्या वर्षभरात मी सलग इतका वेळ बसलेच नव्हते." सगळे खदखदून हसले. अर्नेस्टीनबाई हसल्या नाहीत. त्यांची टोपी तेवढी थरथरली.

जेवण तळघरातल्या हॉलमध्ये होतं. तळलेली कोंबडी, मॅकरोनी, कॉलर्डची पालेभाजी, रताळ्याचा गोड पाई. पानं वाढून झाली तशा सिस्टर वायनोना आपली पुस्तिका घेऊन अर्नेस्टीनबाईंच्या टेबलाशी आल्या. सातवं पान बोटाने धरून ठेवलेलं.

"काय गं अर्नेस्टीन, मार्वेट व्यवस्थापक झाली म्हणे! मी आत्ताच पॅट्रिसला विचारलं, कधीपासून येणार. ती म्हणते, मार्वेटलाच विचारा."

"कागदपत्रं चालू आहेत," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. त्यांनी मात्र काटा उचलला नाही.

मार्वेट भाजीचं भांडं घेऊन आली होती. तिने ते टेबलावर ठेवलं. "मम्मा, मी नाही म्हणाले. अकरा वाजून सोळा मिनिटांनी. मी डेपोतच राहणार."

शेजारच्या तीन टेबलांवरच्या माना इकडे वळल्या.

"अगं बाई!" वायनोनांचा आवाज मधात बुडवलेला. "मग हे छापलंय ते काय?"

मार्वेटने वायनोनांकडे पाहिलं. म्हणजे डोळ्यांकडे नाही, त्याच्या जरा वर. मग उजवा हात उचलून तिने हलकेच खूण केली. सेवेकऱ्यांची साधी खूण, 'टोपी सरळ करा'. फक्त वायनोनांनी टोपी जेवायला काढून ठेवली होती. डोक्यावर होता तो बदामी केसांचा टोप, आणि तो बोटभर डावीकडे सरकला होता.

गेल्या नोव्हेंबरात हाच टोप पाच नंबरच्या बसमध्ये सापडला होता. मार्वेटने तो चर्चमधल्या चौथ्या बाकावरचा म्हणून ओळखला, पावाच्या पिशवीत घातला आणि वायनोनांच्या घरी नेऊन त्यांच्या नवऱ्याच्या देखत "तुमचे पाव" म्हणून हातात दिला. तेव्हापासून वायनोना तिच्याकडे बघत नसत. मार्वेटला ते फारच सोयीचं झालं होतं.

आताची खूण मदत होती की धमकी? मार्वेटच्या चेहऱ्यावरून कुणाला कधी काही कळलेलं नाही.

वायनोनांचा हात झटकन डोक्याकडे गेला. "तसं पाहिलं तर," त्या म्हणाल्या, आणि आवाजातला मध कुठल्याकुठे गेला, "डेपोचं काम सोपं नाही हं. फार विश्वासाचं काम. मी तर म्हणते, मार्वेट आहे म्हणून तो डेपो चालतो."

पलीकडच्या टेबलावर चर्चच्या कारभाऱ्यांपैकी डीकन हॉरेस यांनी तोंड पुसण्याच्या निमित्ताने दात चाचपले. "अगदी," ते म्हणाले. "अगदी विश्वासाचं." गायनवृंदातल्या वयोवृद्ध मदर पर्लीन यांनी पर्स पोटाशी धरली आणि तीनदा मान हलवली. खुद्द रेव्हरंड टिल्मन घशात घास अडकल्यासारखे खोकले. त्यांची उपदेशाची वही दोनदा बसमध्ये राहिली होती, आणि एकदा तिच्यात शर्यतीच्या घोड्यांची यादी होती.

अर्नेस्टीनबाईंनी हे सगळं पाहिलं. एक हात डोक्याशी, एक दाताशी, एक पर्सशी. चाळीस वर्षं त्यांनी या माणसांसाठी प्रार्थना केली होती, नावगावासकट, आणि तरी त्यांना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

त्यांनी मुलीला खाली ओढून शेजारी बसवलं. "हॉरेसचे दात?" त्या कुजबुजल्या.

"सांगता येत नाही."

"वायनोनाचं काय?"

"वस्तू कुणाची ते बोलायचं नसतं, मम्मा. नियम आहे."

"आईलासुद्धा?"

"राष्ट्राध्यक्ष आले तरी."

अर्नेस्टीनबाई मागे टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते मार्वेटने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, डॅडींचा घोडा पहिला आला त्या दिवशी. घरात, वरच्या खोलीत, आपल्याच छपराखाली, सगळ्या एलिम चर्चची झाकलेली मूठ राहत होती, आणि आपण इतके दिवस छत्र्या म्हणत होतो.

"किती परत केल्यास आजवर?" त्यांनी विचारलं, आता जरा मोठ्याने.

"तीन हजार एकशे अठरा. शुक्रवारपर्यंत."

"आणि मालक मिळाला नाही अशा?"

"चौतीस. शोधते आहे."

"पेन दे."

मार्वेटने खिशातलं पेन दिलं. अर्नेस्टीनबाईंनी वायनोनांच्याच हातातली पुस्तिका घेतली, 'व्यवस्थापक' वर रेघ मारली आणि शाळेत लिहावं तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'हरवले-सापडले. ३११८ वस्तू मालकांना पोचत्या.' मग पुस्तिका वायनोनांना परत देत म्हणाल्या, "बाकीच्या मी उद्या घरोघर जाऊन दुरुस्त करते. तुझी झाली."

"कोट परत करायचा का?" मार्वेटने विचारलं.

"ठेव. खात्यात घालून जा. बटणं बघून लोक नीट बोलतील." आणि मग, ताटाकडे बघत, "मला ते दार काचेचं हवं होतं, मार्वेट."

"माहीत आहे."

"अजून थोडं हवंच आहे."

"तेही माहीत आहे, मम्मा."

तेवढ्यात रेव्हरंडनी टाळी वाजवली. जेवणाआधीचे आभार मानायचे राहूनच गेले होते, आणि घाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर अर्नेस्टीन, दोन शब्द!"

हॉलभर काटे खाली आले. लोकांनी वाफा येणाऱ्या कोंबडीकडे शेवटचं पाहून घेतलं. अर्नेस्टीनबाई उभ्या राहिल्या, खोल श्वास घेतला आणि डोळे मिटले. शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. मग ट्रकवाले. मग मीठ.

मार्वेट उठून मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली, डावी मूठ पाठीशी. अर्नेस्टीनबाई मिरीवर आल्या आणि सवयीने त्यांनी एक डोळा उघडला. समोर पांढरा मोजा वर झाला होता. बोटं मिटून मूठ.

सेवेकऱ्यांच्या खुणा आपल्याला कळत नाहीत असं अर्नेस्टीनबाई चाळीस वर्षं सांगत आल्या होत्या.

"आमेन," त्या म्हणाल्या.

एक मिनिट पन्नास सेकंद. मिस्टर लुशियसनी घड्याळ पाहिलं, ते कानाशी लावून हलवलं आणि पुन्हा पाहिलं. मार्वेटने हात खाली घेतला, मोजे काढून घडी केले आणि कोंबडी गरम आहे तोवर आईशेजारी येऊन बसली.